यंत्र एकाचे, घसारा दुसऱ्याचा

१९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या अंदाजपत्रकाने आयकराच्या कायद्यात एक अशी तरतूद आणली, की हिशेबाच्या साध्या नियमांत ती बसत नव्हती. ३१ मार्च १९५४ नंतर बसवलेल्या नव्या यंत्राच्या किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, कारखानदाराने आपल्या करपात्र नफ्यातून वजा करावा, आणि त्याउपर त्या यंत्राचा नेहमीचा घसाराही वर्षावर्षाला घेत राहावा. घसारा म्हणजे वापराने यंत्र झिजते त्या झिजेची रक्कम, आणि ती खर्चात धरायची हे १९२२ च्या कायद्यातही होते. १९३९ मध्ये तो मूळ किमतीऐवजी दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजण्याची पद्धत आली. १९४६ मध्ये, महायुद्धात झिजून गेलेले कारखाने पुन्हा उभे राहावेत म्हणून, नव्या यंत्रावर २० टक्के प्रारंभिक घसारा मिळू लागला. पण तोवरच्या सगळ्या तरतुदी एका मर्यादेत होत्या: घसारा लवकर घ्या की उशिरा, एकूण वजावट यंत्राच्या किमतीच्या वर जायची नाही. देशमुखांच्या ‘डेव्हलपमेंट रिबेट’ने ती मर्यादा ओलांडली. एक लाखाच्या यंत्रावर सव्वा लाखाची वजावट मिळू लागली. यातले पंचवीस हजार कुठल्याच झिजेचे नव्हते. सरकारने भांडवल गुंतवणाऱ्याला दिलेले ते बक्षीस होते, फक्त खर्चाच्या रकान्यात लिहिलेले. दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती, पोलाद आणि अवजड यंत्रे यांचे स्वप्न पाहिले जात होते आणि खासगी भांडवलदाराने हात आखडू नये, अशी सरकारची इच्छा होती.

त्या काळात हे धोरण धाडसाचे होते, आणि देशमुखांसारख्या काटेकोर माणसाच्या हातून ते आले याला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या या पहिल्या भारतीय गव्हर्नराला पैसा उधळायची हौस नव्हती. तरीही या सवलतीच्या घडणीतच एक दोष होता आणि पुढची पासष्ट वर्षे तो वेगवेगळी रूपे घेऊन समोर येत राहिला. यंत्रावरची किंवा वाहनावरची करवजावट यंत्र घेणाऱ्याला मिळते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती मिळते ज्याच्याकडे झाकायला नफा आहे त्याला. अनुदान असते तर सरकारने रोख रक्कम हातावर ठेवली असती. वजावट मात्र भरावा लागणाऱ्या करातूनच मिळते, आणि जिथे करच भरायचा नाही तिथे तिची किंमत शून्य. नवा कारखाना, हप्त्यावर पहिला ट्रक घेणारा, तोट्यातली गिरणी यांना यंत्राची निकड सर्वांत मोठी, पण नफा नाही. ज्याच्याकडे भरघोस नफा आहे त्याला त्या वर्षी यंत्राची गरज असेलच असे नाही. भारतातल्या या सवलतींचा इतिहास मला या फटीचाच इतिहास वाटतो. सरकार आणि बाजार दोघेही ती बुजवायला धावले आणि दोघांचे हेतू वेगळे होते.

सरकारला पहिल्यापासून एक धास्ती होती: सवलत घेतली जाईल, पण कारखान्यात काही उरणार नाही. म्हणून १९५८ पासून रिबेटची ७५ टक्के रक्कम वेगळ्या राखीव खात्यात ठेवायची, ती लाभांश म्हणून वाटायची नाही, आणि यंत्र ठरावीक वर्षे विकायचे नाही, अशा अटी आल्या. १९६१ च्या नव्या आयकर कायद्यात हे सगळे कलम ३३ आणि ३४ मध्ये गेले. त्याच कायद्याने ऑफिसातली उपकरणे आणि रस्त्यावरची वाहने रिबेटमधून वगळली, आणि ३१ मार्च १९६५ नंतर कार्यालयात, निवासस्थानात किंवा अतिथिगृहात बसवलेल्या यंत्रालाही दार बंद झाले. जहाजाला ४० टक्के रिबेट, ट्रकला मात्र काही नाही. मालवाहतूकदाराचा ट्रक हेच त्याचे यंत्र, पण कायद्याला चाके दिसली की संशय येई. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. यंत्रमाग लग्नाला नेता येत नाही, मोटार नेता येते. धंद्याची गाडी आणि घरची गाडी यांतली रेघ कुणालाच नीट ओढता आली नाही. धंद्यासाठी अंशतः वापरलेल्या मालमत्तेचा घसारा प्रमाणात कापायचा अधिकार कलम ३८ ने अधिकाऱ्याला दिला तो याचसाठी.

मोटारींच्या बाबतीत हा संशय पुढे जवळजवळ नैतिक झाला. ३१ मार्च १९६७ नंतर घेतलेल्या मोटारीची किंमत २५,००० रुपयांच्या वर असेल तर वरची रक्कम घसाऱ्यासाठी नाहीच असे समजायचे, असा नियम आला. पर्यटकांसाठी भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना तेवढी सूट होती. २८ फेब्रुवारी १९७५ पर्यंत हा नियम चालला, आणि त्याच्या जागी नवा आला: परदेशात बनलेल्या मोटारीवर घसारा शून्य. तो १ एप्रिल २००१ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे टिकला. १९८३ मध्ये प्रणव मुखर्जींनी जाहिरात, मोटारी, विमाने आणि हॉटेले यांवरच्या एक लाखाच्या वरच्या खर्चातला पाचवा हिस्सा नामंजूर करण्याची तरतूद आणली आणि दोनच वर्षांत ती मागे घेतली गेली. एक गंमत अशी की, ‘प्लांट’ या कायदेशीर संज्ञेत वाहने पूर्वीपासून बसत होती. १८८७ च्या एका इंग्लिश खटल्यात तर गाडी ओढणाऱ्या घोड्यालाही प्लांट ठरवले होते. १९७१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या ताजमहाल हॉटेलच्या नळजोडणी आणि स्नानगृहातल्या वस्तूंनाही प्लांट मानून रिबेट दिला. न्हाणीघरातल्या नळाला रिबेट मिळाला आणि ट्रकला नाही. मोटारींवरच्या या सगळ्या निर्बंधांनी सरकारच्या तिजोरीत किती भर पडली असेल याबद्दल मी साशंक आहे. सरकार चुकीच्या वस्तूवर पहारा देत होते, एवढे मात्र निश्चित. खरा पैसा मोटारीतून नव्हे, मोठ्या यंत्रांतून जात होता.

तो कोणाकडे जात होता, हे पाहायला मुंबई-भिवंडीपेक्षा चांगले ठिकाण नाही. रिबेट फक्त नव्या यंत्राला होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागवाला मात्र बहुधा गिरण्यांनी भंगारात काढलेले जुने माग विकत घेऊन धंदा सुरू करी. त्याच्या कष्टातून, सहकारी पतसंस्थेच्या किंवा सुताच्या व्यापाऱ्याच्या उधारीतून देशातल्या कापडाचा मोठा हिस्सा पुढे विणला जाऊ लागला, पण कायद्याच्या लेखी त्याने कसलीही ‘विकासाची’ गुंतवणूक केली नव्हती. दुसऱ्या टोकाला जुन्या गिरण्या होत्या. त्यांना नव्या यंत्रांची गरज होती, पण ज्यांचा नफा आटला होता त्यांना वजावटीचा उपयोग नव्हता. सवलत मिळे ती मधल्या, जोरात चाललेल्या, कर्ज सहज मिळणाऱ्या कंपन्यांना. या कंपन्यांनी यंत्रे घेतली नसती असे म्हणणे कठीण आहे, पण सवलतीमुळेच घेतली असे म्हणणे त्याहून कठीण. अर्थशास्त्रज्ञांचा दुसरा आक्षेप असा होता की, मजूर मुबलक आणि भांडवल दुर्मिळ असलेल्या देशात सरकार यंत्र स्वस्त करते आणि माणूस मात्र आहे त्याच भावाने ठेवते. तोही याच काळात बळावला.

यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७१ मध्ये ठरले की, ३१ मे १९७४ नंतर रिबेट बंद. तीन वर्षांची आगाऊ सूचना दिली गेली आणि आधीच करार झालेल्या यंत्रांना नंतर आणखी एक वर्ष मिळाले. पण रिबेट गेला तरी त्यामागचा विचार गेला नाही. १९७४ मध्ये निवडक उद्योगांसाठी प्रारंभिक घसारा परत आला आणि १९७६ मध्ये सी. सुब्रमण्यम यांनी ‘इन्व्हेस्टमेंट अलाउन्स’ आणला. तोही २५ टक्केच, तशाच ७५ टक्के राखीव निधीचा, ऑफिसची उपकरणे आणि रस्त्यावरची वाहने तशीच बाहेर. १९७७ पासून अकराव्या परिशिष्टातल्या कमी महत्त्वाच्या मानलेल्या वस्तू वगळून तो जवळपास सगळ्या उद्योगांना खुला झाला. पाच वर्षांपूर्वी बंद करायचे ठरलेले दार नव्या पाटीखाली उघडले गेले. चव्हाणांच्या निर्णयाचा मला आदर वाटतो. फक्त तो टिकवणारे राजकारण त्यांच्यामागे नव्हते. सवलत काढून घेण्याचे श्रेय कुणाला मिळत नाही, आणि देणाऱ्याचे आभार मानायला उद्योगपतींच्या संघटना हजर असतात.

परिणाम १९८० च्या दशकात डोळ्यांत भरू लागला. भागधारकांना उत्तम लाभांश वाटणाऱ्या काही कंपन्या आयकर एक पैसाही भरत नव्हत्या. ‘झिरो टॅक्स कंपनी’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रुळला. यात बेकायदा काही नव्हते. दरवर्षी नवे यंत्र, दरवर्षी नवी वजावट, आणि ताळेबंदात दिसणारा नफा आयकराच्या विवरणात पोहोचेपर्यंत विरून गेलेला. १९८३ मध्ये सरकारने सर्व सवलती मिळून नफ्याच्या ७० टक्क्यांवर जाऊ नयेत असा बांध घातला. १९८७ मध्ये अर्थखाते स्वतःकडे असलेल्या राजीव गांधींनी कलम ११५जे आणून ताळेबंदातल्या नफ्याच्या ३० टक्के रकमेवर तरी कर भरायला लावला. १९९० मध्ये मधु दंडवते यांनी ते कलम रद्द केले. गुंतवणूक-सवलती त्याच सुमारास संपत असल्याने त्याची गरज उरली नाही, असे तेव्हा वाटत होते. ते खरे ठरले नाही, कारण घसाऱ्याचे दर उंचच होते. १९९६ मध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांना ‘मॅट’, म्हणजे किमान पर्यायी कर, या नावाने तीच कल्पना परत आणावी लागली. एका हाताने सवलत द्यायची आणि ती खरोखर घेतली गेली म्हणून दुसऱ्या हाताने कर लावायचा, हा खेळ सरकारने इतक्या गांभीर्याने खेळला की त्यातली विसंगती कुणी बोलून दाखवेनासे झाले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. रिबेट सोडला तर घसारा म्हणजे करमाफी नाही. आज जास्त वजावट घेतली की उद्या कमी मिळते, कर फक्त पुढे ढकलला जातो. आणि ज्याच्याकडे आज नफा नाही त्याला न वापरलेला घसारा पुढच्या वर्षांत ओढून नेता येतो, मग अन्याय कुठला? दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहेत आणि पैशाच्या दृष्टीने अपुऱ्या. पुढे ढकललेला कर म्हणजे सरकारने दिलेले बिनव्याजी कर्ज, आणि जी कंपनी दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त यंत्रे घेते तिला ते कर्ज फेडावेच लागत नाही. जुने फिटायच्या आत नवे मिळते. झिरो टॅक्स कंपन्या घडल्या त्या अशा. उलट तोट्यातल्या माणसाला न वापरलेला घसारा पुढे नेता येतो, पण त्यावर व्याज मिळत नाही. पाच-सहा वर्षांनी वापरता आलेल्या वजावटीचे मोल, १५-१८ टक्क्यांनी कर्ज घेणाऱ्याच्या लेखी, निम्म्याच्याही खाली येते. एकाला सरकार बिनव्याजी कर्ज देते आणि दुसऱ्याकडून तितकीच बिनव्याजी ठेव घेते. दोघांचेही यंत्र तेच.

जिथे असा फरक असतो तिथे दलाल जन्मतो. भारतातली पहिली लीजिंग कंपनी १९७३ मध्ये मद्रासला निघाली आणि १९८०-९० च्या दशकांत तिच्यामागे रांग लागली. योजना साधी होती. यंत्र हवे असलेल्या, पण नफा नसलेल्या कारखान्याने ते विकत घ्यायचेच नाही. नफा असलेल्या कंपनीने घ्यायचे, कागदावर मालक व्हायचे, घसारा खायचा आणि यंत्र कारखान्याला भाड्याने द्यायचे. वाचलेल्या करातला काही वाटा भाडे कमी करून कारखान्याला मिळे, बाकीचा मालकाला आणि दलालाला. सर्वांत जास्त मागणी १०० टक्के घसाऱ्याच्या वस्तूंना: ऊर्जा वाचवणारी आणि प्रदूषण रोखणारी उपकरणे, गॅसचे सिलिंडर. त्यातच आणखी एक पळवाट होती. ५,००० रुपयांपर्यंतच्या कुठल्याही यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येई. छोट्या दुकानदाराचा हिशेबाचा त्रास वाचावा म्हणून केलेली ही सोय, पण शीतपेयाच्या बाटल्या आणि सिलिंडर एकेक मोजले तर प्रत्येक पाच हजारांच्या आतच. कोट्यवधींच्या बाटल्या अशा रीतीने एका वर्षात हिशेबातून नाहीशा झाल्या. १९९५ च्या वित्त कायद्याने ही सोय काढून टाकली. शिवाय तोट्यातल्या काही राज्य वीज मंडळांनी आपले वर्षानुवर्षे चालू असलेले बॉयलर नफ्यातल्या कंपन्यांना विकले आणि त्याच क्षणी भाड्याने परत घेतले. बॉयलर जागचा हलला नाही, घसारा मात्र हलला. १ ऑक्टोबर १९९६ पासून अशा व्यवहारात घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या वहीत उरलेली किंमतच धरता येईल, असे ठरले. काही खटल्यांत तर भाड्याने दिलेली यंत्रे अस्तित्वातच नव्हती असे निघाले. पण खोट्या यंत्रांच्या कथा रंगवून सांगितल्या की खऱ्या यंत्रांच्या व्यवहारातला मुद्दा झाकला जातो. कायदेशीर लीजिंगमध्येही सवलतीचा मोठा भाग यंत्र चालवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

लीजिंगची बाजू घेणारे म्हणतील की, दलालाने फट बुजवलीच ना? ज्याला वजावट वापरता येत नव्हती, त्याला तिचा काही भाग तरी भाड्याच्या सवलतीत मिळाला. हे मी मान्य करतो, आणि न्यायालयांनीही अखेर मान्य केले. २०१३ साली आय.सी.डी.एस. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ग्राहकाच्या नावे नोंदलेली गाडीसुद्धा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्याच मालकीची आणि भाड्याच्या वाहनांसाठी असलेला वाढीव घसारा तिचाच. कायद्याच्या भाषेत निकाल योग्यच आहे. पण यातून दिसते ते एवढेच, की सवलत गरजूपर्यंत न्यायला मध्ये एक नफ्यातली कंपनी आणि तिचे सीए लागतात, आणि वाटेत त्यांचे कमिशन द्यावे लागते. सरकारने गमावलेल्या प्रत्येक रुपयातले किती पैसे शेवटी ट्रक चालवणाऱ्याच्या हाती आले, हे कुठल्याच अंदाजपत्रकात छापले जात नाही.

या साऱ्याचा एक मोठा प्रयोग साताऱ्याच्या पठारांवर झाला. पाटण तालुक्यातले वांकुसवडे, सडावाघापूर, ठोसेघरच्या वरचे चाळकेवाडी: १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या सड्यांवर पवनचक्क्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. वारा तिथे होताच, पण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना तिथे खेचले ते आयकराने. पवनचक्कीवर आधी १०० आणि नंतर ८० टक्के घसारा होता, शिवाय राज्य सरकारची विक्रीकरातली सवलत. पाच कोटींची चक्की घेतली की पहिल्याच वर्षी चार कोटींची वजावट, म्हणजे २०११-१२ च्या दराने सुमारे १ कोटी ३० लाखांचा कर वाचला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने जमीन, परवानग्या, उभारणी आणि देखभाल असे सगळे एकाच करारात देऊ केले आणि वीज या विषयाशी काही संबंध नसलेला कारखानदार सहज पवनचक्कीचा मालक होऊ लागला. यात आणखी एक नियम काम करत होता. यंत्र वर्षात १८० दिवसांहून कमी वापरात असेल तर घसारा निम्मा. ३१ मार्चपासून मागे मोजले की ही रेघ साधारण ३ ऑक्टोबरला येते. दसऱ्याच्या मुहूर्तावर धंद्याची गाडी रस्त्यावर आणणाऱ्यांनाही हीच तारीख लागू होते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आल्याने मुहूर्त आणि कायदा जेमतेम जुळले, २०२४ चा १२ ऑक्टोबरला होता तेव्हा निम्मा घसारा गेला. सड्यावरचा जोराचा वारा मात्र जून ते सप्टेंबर वाहतो. सप्टेंबरच्या अखेरीस फिरू लागलेल्या चक्कीचा त्या वर्षीचा हंगाम संपलेला असे, तरी घसारा पूर्ण. तिने युनिटे कमी बनवली वा जास्त, तरी वजावटीत फरक पडत नव्हता.

याला उत्तर म्हणून निकाल दाखवला जातो: भारत पवनऊर्जेत जगातल्या पहिल्या पाच देशांत आला, तो याच सवलतीच्या जोरावर. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि सड्यावरच्या चक्क्या खोट्या नव्हत्या. पण ज्या कंपन्यांचा एकमेव धंदा वीज बनवणे होता, त्यांची कथा ऐकावी. प्रकल्पासाठी नव्याने काढलेल्या कंपनीकडे दुसरा कसलाही नफा नसे, त्यामुळे ८० टक्के घसारा तिच्या वहीत नुसता पडून राही. वीज बनवणे हे ज्याचे कामच आहे त्याला सवलत नाही, आणि सुताची किंवा औषधांची कंपनी चालवणाऱ्याला आहे. सरकारलाही हे कळले. डिसेंबर २००९ मध्ये घसाऱ्याला पर्याय म्हणून प्रत्यक्ष बनलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आली. दोन्हीपैकी एकच घ्यायची. या इतिहासात मला सर्वांत शहाणा वाटणारा हा निर्णय, कारण इथे पहिल्यांदा पैसा यंत्र विकत घेण्याला नव्हे, यंत्राच्या कामाला मिळाला आणि त्यासाठी मालकाला नफा असावा लागला नाही. मग मार्च २०१२ च्या अखेरीस दोन्ही सवलती एकदम बंद झाल्या आणि वर्षाला सुमारे ३,२०० मेगावॅटची भर पुढच्या वर्षी सुमारे १,७०० वर आली. हा आकडा घसाऱ्याच्या बाजूने पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण दोन्ही आधार एकत्रच काढले असताना पडझड कोणत्या आधाराच्या अभावाने झाली, हे त्या आकड्यातून कळत नाही. २०१३ मध्ये प्रति युनिट अनुदान परत आले, २०१४ मध्ये अरुण जेटलींनी ८० टक्के घसाराही परत दिला, आणि २०१७ पासून सगळ्याच वरच्या दरांना ४० टक्क्यांची मर्यादा आली. त्याच वर्षी पवनविजेच्या पहिल्या केंद्रीय लिलावात ३ रुपये ४६ पैशांचा भाव निघाला.

वाहनांकडे सरकार पुन्हा वळले ते मंदीच्या वेळी. पूर्वी संशयाने बाहेर ठेवलेला ट्रक आता अर्थव्यवस्थेचा लाडका झाला होता. जागतिक आर्थिक संकट आल्यावर १ जानेवारी २००९ पासून घेतलेल्या नव्या व्यावसायिक वाहनांना ५० टक्के घसारा मिळाला. आधी मार्चपर्यंत असलेली मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली. हेतू उघड होता, पुणे आणि जमशेदपूरच्या कारखान्यांत साचलेले ट्रक विकले जावेत. पण देशातले बहुतेक ट्रक एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत, आणि दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यासाठी १९९४ मध्ये कलम ४४एई आले. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवायच्या नाहीत, प्रत्येक गाडीमागे महिन्याला ठरावीक रक्कम उत्पन्न मानून कर भरायचा, आणि घसारा त्यातच मिळाला असे समजायचे. सुरुवातीला जड गाडीमागे ही रक्कम महिना २,००० रुपये होती, आता जड वाहनाला टनामागे १,००० रुपये आहे. ही सोय चांगली आहे, ती रद्द करा असे कोणी म्हणणार नाही. फक्त तिच्या आत बसलेल्या माणसाला घसारा ३० टक्के असो की ५०, एक रुपयाचाही फरक पडत नाही. ट्रक विकत घेण्याचे प्रोत्साहन ज्याला मिळाले तो मोठा ताफा बाळगणारा आणि भाड्याने देणारी वित्तकंपनी होती.

करसुधारणांसाठीच्या विजय केळकर समितीने २००२ मध्येच सुचवले होते की सवलती छाटा आणि दर खाली आणा. २००५ मध्ये चिदंबरम यांनी कंपनीकर ३५ वरून ३० टक्क्यांवर आणताना यंत्रांचा सर्वसाधारण घसारा २५ वरून १५ टक्के केला आणि त्याच वेळी नव्या यंत्रांना २० टक्के जादा घसारा देऊन हिशेब अर्धवट सोडला. २०१३ मध्ये त्यांनीच १०० कोटींच्या वरच्या गुंतवणुकीला १५ टक्के अलाउन्स दिला. देशमुखांचा रिबेट, फक्त आता उंबरठा शंभर कोटींचा. वाहने आणि ऑफिसची उपकरणे यातूनही बाहेर. जेटलींनी उंबरठा २५ कोटींवर आणला, म्हणजे भिवंडीपासून अजून बराच दूर.

मग २०१९ आले. वाहनविक्री आटली तेव्हा २३ ऑगस्टला निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले की, त्या दिवसापासून ३१ मार्च २०२० पर्यंत घेतलेल्या सर्व वाहनांना १५ टक्के जादा घसारा. मोटारीला ३०, भाड्याच्या व्यावसायिक वाहनाला ४५ टक्के. त्याची अधिसूचना २० सप्टेंबरला निघाली. त्याच दिवशी निघालेल्या एका वटहुकमाने कंपन्यांना सांगितले की, जादा घसारा आणि बाकीच्या सवलती सोडून द्याल तर कर २२ टक्के, आणि मॅटही नाही. वाहनांवरची सवलत सव्वासात महिन्यांची होती. बावीस टक्क्यांच्या दराला मुदत घातली गेली नाही. वटहुकूम कंपन्यांपुरता होता, त्यामुळे कंपनी नसलेला ट्रकवाला त्यात नव्हता. आणि तो ४४एईमध्ये असेल तर अधिसूचनेतही नव्हता.